८४ बटणांचा वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड: टॅली, मराठी टायपिंग आणि गेम, सहा महिने वापरून

आधीच सांगतो, मी कीबोर्डवाला माणूस नाही, म्हणजे यूट्यूबवर तासभर स्विचचे आवाज ऐकत बसणारा वगैरे नाही. सांगलीत मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोब बघतो आणि रात्री साडेदहानंतर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो, विषय संपला. पण दुकानात चालेल, बॅगेत बसेल आणि रात्री गेममध्येही दगा देणार नाही असा एकच कीबोर्ड शोधायला लागलो तेव्हा दिसलं की रिव्ह्यू लिहिणारे सगळे एक तर प्रोग्रामर नाहीतर गेमर, दिवसभर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्र्या मारून वर मराठीत पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचा विकलेल्या मालाचा हिशोब) टाईप करणारा एकही नाही. म्हणून हा उद्योग.

पहिल्यांदा गावातच बघितलं. तीन दुकानं फिरलो. एका ठिकाणी पोरगं म्हणालं, "मेकॅनिकल म्हणजे लाईटवाला ना दादा?" आणि सातरंगी लाईटचा एक बोर्ड पुढे केला, खोक्यावर बारीक अक्षरात 'मेकॅनिकल फील'. हा 'फील' शब्द दिसला की समजून जायचं. एक बटण उपटून बघा, खाली अधिकच्या चिन्हासारखा दांडा असलेलं सुटं स्विच दिसलं तर खरा (बहुतेक मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली तसलंच वेगळं स्विच असतं), पांढरट रबराची टोपी दिसली तर साधाच मेम्ब्रेन, लाईट लावून दुप्पट भावात. मी उपटून बघितलं, रबर निघालं, पोरगं गप्प. शेवटी ऑनलाईनच मागवला.

आता साईज. लोक लाल स्विच का निळं स्विच यावर भांडत बसतात, पण माझ्या मते खरा निर्णय साईजचाच आहे, स्विच काही बोर्डांत नंतर बदलता येतं, नसलेलं बटण कुठून आणणार. फुल साईज १०४ बटणांचा असतो, नंबरपॅड काढला की ८७, मग ७५ टक्केवाला म्हणजे ८४च्या आसपास, ६५ टक्के म्हणजे ६७-६८ आणि त्याहून छोटा ६० टक्के, ६१ बटणं. फोटोत ६१वाला लई देखणा दिसतो आणि मी तोच घेणार होतो, नशीब विश्रामबागच्या एका मित्राकडे होता, दोन दिवस मागून आणला.

दोन दिवसांत अक्कल आली. टॅलीत दिवसभर हात एफच्या ओळीवर असतो, एफ पाच पेमेंट, एफ सहा रिसीट, एफ सात जर्नल, एफ आठ सेल्स, आणि ६१वाल्यात ती ओळच नाही, प्रत्येक वेळी एफएनचं जोडबटण धरून आकडा दाबा. हे एकवेळ जमलं असतं. पण मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये (अक्षरांच्या सरकारी मांडणीत) टाईप करतो आणि इनस्क्रिप्टमध्ये 'य' असतो तिरक्या रेघेच्या बटणावर, उजव्या शिफ्टच्या शेजारी. मित्राच्या त्या बोर्डावर त्याच बटणाला वरचा बाण पण दिलेला, आणि त्याने बाण कायमचे चालू करून ठेवलेले. झालं, 'रुपये' टाईप करायला गेलो की 'रुप' उमटायचं, कर्सर टुणकन वरच्या ओळीत आणि राहिलेली मात्रा तिथल्या कुणाच्या तरी नावाला चिकटायची. एका शेतकऱ्याच्या पट्टीवर 'रुपये' बारा वेळा येतं, म्हणजे विचार करा. मोड बदलला की 'य' परत येतो, पण मग बाणांसाठी एफएन. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ती तिरकी रेघ दिवसातून दोनदा लागत असेल, आपल्याला 'य' प्रत्येक वाक्यात लागतो, हा फरक त्या रिव्ह्यूवाल्यांना माहीत असायचं कारणच नाही. इनस्क्रिप्टवाल्यांनी घेण्याआधी फोटो झूम करून उजवी बाजू बघाच, च, ट, ड, ऑ हे सगळे तिकडच्या कडेलाच राहतात आणि छोट्या बोर्डांची सगळी काटछाट तिकडेच चालते.

६८वाल्यात बाण सुटे मिळतात पण एफची ओळ नाहीच. म्हणून ८४. कीक्रॉनचा के-टू बघितला होता, ८४ बटणं आणि ४००० एमएएच बॅटरी, पण जुन्या के-टूमध्ये ब्लूटूथ आणि वायर एवढंच, २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) नाही, आणि मला गेमला डोंगल पाहिजेच होता. शेवटी घेतला तो एका चिनी कंपनीचा ५,४०० रुपयांना, वायर, ब्लूटूथ, डोंगल तिन्ही आणि स्विच काढता-घालता येणारा, म्हणजे हॉट-स्वॅप. नाव लिहीत नाही, कारण खाली शिव्या घालणार आहे आणि तसाही हाच साचा मला दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी दिसला.

स्विच लाल घेतलं. थोडक्यात, लाल सरळ खाली जातं, ब्राउनमध्ये मध्ये हलका अडथळा लागतो, निळं टिकटिक वाजतं. ही रंगांची रीत जर्मनीच्या चेरी कंपनीची, त्यांचं पेटंट संपलं आणि गेटरॉन, कैल, औटेमू वगैरे चिनी कंपन्यांनी तसलीच स्विचं काढली म्हणून आज आपल्याला परवडतंय. लाल म्हणजे साधारण ४५ ग्रॅमचा दाब आणि चारपैकी दोन मिलिमीटर आत गेलं की अक्षर उमटतं, म्हणजे तळापर्यंत ठोकायची गरज नसते, पण साध्या कीबोर्डवर वाढलेला हात ठोकतोच. लाल स्विच 'सायलेंट' असतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्या रात्री आई आतल्या खोलीतून ओरडली, "अरे झोपू दे की, लाह्या फुटल्यागत काय चाललंय!" दुकानात अण्णांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "नोटा मोजायचं मशीन आणलंस काय रे?" निळं घेतलं असतं तर घर आणि नोकरी दोन्ही गेलं असतं.

स्पेसबारचा खडखडाट वेगळा, तो स्विचचा नाही, खालच्या तारेचा असतो. मेडिकलमधून साधी चिकटपट्टी आणली, म्हणजे बँडेजच, दोन तुकडे कापून तारेचे पाय जिथे आपटतात तिथे लावले आणि तारेला थोडं ग्रीस. खडखड निम्म्याने कमी झाली, पूर्ण नाही.

आता शिव्या. तिसऱ्या महिन्यात शून्याचं बटण डबल मारायला लागलं. एकदा दाबलं की कधी एक शून्य, कधी दोन. गेममध्ये असलं झालं तर एक राऊंड जातो, पण माझ्याकडे ऐन हळदीच्या सीझनला क्विंटलचा १४,५०० रुपये दर १,४५,००० होऊन बसला आणि मी एंटर मारून पुढे. पट्टी छापायच्या आधी एकूण रकमेवर नजर गेली म्हणून वाचलो, राजापुरी हळद कितीही चांगली असली तरी तो भाव तर सोन्याच्या पेढीवरचा. त्या दिवशी सकाळपासूनच्या सगळ्या एंट्र्या परत तपासल्या, जेवण साडेतीनला. कस्टमर केअरला मेल टाकला तर उत्तर आलं की अख्खा बोर्ड खोक्यासकट पाठवा, तीन आठवडे लागतील. सीझनला तीन आठवडे! मग खोक्यात चार जादा स्विचं आलेली आठवली. चिमट्याने शून्याचं स्विच उपटलं, नवीन दाबून बसवलं, दोन मिनिटांचं काम. पहिलं घाईत तिरपं घातलं आणि एक पिन वाकली ती माझी चूक, नखाने सरळ केली. तेव्हापासून त्रास नाही. पण त्यामुळेच सांगतो, हॉट-स्वॅप नसेल तर आकड्यांचं काम करणाऱ्याने घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

वायरलेसचं असं आहे की दुकानात मी ब्लूटूथ वापरतो, रात्री डोंगल. डोंगल सेकंदाला हजार वेळा लॅपटॉपला खबर देतो, ब्लूटूथ साधारण १२५च्या घरात, टॅलीला तो फरक कळतही नाही, गेममध्ये कळतो, थांबून गोळी मारताना माणूस जरा पुढे सरकून थांबल्यासारखं वाटतं. ब्लूटूथवर बोर्ड झोपला की पहिलं अक्षर गिळतो हेही आहेच. डोंगलला मात्र पहिल्या आठवड्यात भलतीच अडचण आली, मध्येच पुढे चालायचं डब्ल्यू बटण अडकायचं आणि माझा माणूस आपोआप चालत शत्रूच्या पुढ्यात जाऊन उभा. टीममधली पोरं काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही. कारण निघालं शेजारच्या पोर्टातली बाहेरची हार्डडिस्क, यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट करतो. डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरने लांब, कीबोर्डजवळ आणला, सगळं शांत.

आणि एक गाढवपणा माझाच. गेम खेळताना विंडोजचं बटण लॉक करायची सोय आहे, एफएन धरून ते दाबायचं. रात्री लॉक करून झोपलो, सकाळी दुकानात विंडोज आणि स्पेस दाबून मराठी आणायला गेलो तर येईना. अर्धा तास सेटिंग उलटीपालटी केली, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला, पट्टी न्यायला आलेले दोन म्हातारबाबा बाकावर बसून बघतायत. शेवटी उजव्या कोपऱ्यातला बारीक पांढरा दिवा दिसला, रात्रीचं लॉक तसंच चालू होतं.

बॅटरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, लाईट बंद ठेवला तर तीन आठवडे जाते, चालू ठेवला तर चार-पाच दिवस. बॅगेत टाकताना खालचं बटण बंद करा, नाहीतर बॅगेत बटणं दाबली जातात आणि जोडलेल्या मोबाईलवर कुणाला तरी काहीतरी जातं. वजन जवळपास किलोभर आहे, गाडीवर पाठीला जाणवतं.

रंग मी पांढरा घेतला, म्हणजे मूर्खपणाच. यार्डात सीझनला हवेतच हळद असते, नमुना बघून आलेला माणूस बोट टेकवून "हा आकडा बघ" म्हणतो आणि बोट तिथेच उमटतं. एंटर, बाण आणि नंबरांची ओळ महिन्यात पिवळी. त्या बटणांच्या टोप्या उपटून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवल्या, तेलकट घाण गेली, पिवळं जाईना. मग आईने हळद लागलेल्या लुगड्याला जे करतात तेच सांगितलं, उन्हात टाक. गच्चीवर ताटात पसरून दोन दुपारी ठेवल्या आणि डाग खरंच फिका पडला, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. माझ्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या आहेत म्हणून हे केलं, साध्या एबीएस प्लॅस्टिकच्या असतील तर ऊन लागून प्लॅस्टिकच पिवळं पडायचं.

नंबरपॅडचं राहिलंच. ८४वाल्यात तो नाही आणि पहिला महिना वरच्या ओळीवर आकडे मारून बोटं वैतागली, शेवटी ९०० रुपयांचा सुटा वायरलेस नंबरपॅड घेतला. म्हणजे जागा वाचवायला छोटा बोर्ड घेतला आणि कापलेला तुकडा परत विकत आणला, हसा. पण तो दुकानातच राहतो, घरी टेबलावर माऊसला मोकळी जागा मिळते, आणि डाव्या बाजूला ठेवला की उजव्या हातात पावती धरून आकडे मारता येतात, हे फुल साईजवर कधी जमलं नसतं. आता अडचण एवढीच की अण्णांना तो आवडलाय, दुपारी मी जेवायला गेलो की कॅल्क्युलेटर समजून त्यावर बेरजा करतात आणि उघड्या व्हाउचरमध्ये आकडे पडून राहतात.