३० दिवसांचं ‘यीस्ट डिटॉक्स’ किट घेतलं, त्याबद्दल

अंगात वाढलेलं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, काढून टाकतं असं सांगून विकलं जाणारं हे किट मी जूनमध्ये कोथरूडच्या एका नैसर्गिक उपचारांच्या दुकानातून घेतलं. किंमत ३,६०० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण अशी किट हल्ली वेगवेगळ्या डब्यांत पुष्कळ ठिकाणी मिळतात आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू आहे.

माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला शेगडी पेटते, दुपारी दीडपर्यंत मी आणि माझ्याकडच्या दोघीजणी तव्यापुढून हलत नाही. वय ५३, मधुमेहाला नऊ वर्षं झाली. फेब्रुवारीपासून खाज, लघवीला जळजळ आणि अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं, हे तीनदा झालं. दर वेळी औषधाच्या दुकानातून मलम आणायचं, आठ दिवस बरं वाटायचं, की पुन्हा सुरू. घरात कुणाशी बोलले नव्हते. त्यामुळे किटवाल्या दुकानातल्या ताईंनी पाऊण तास बसून सगळं ऐकून घेतलं, अवघड प्रश्नही सरळ विचारले, तेव्हा मला रडूच आलं. त्या ऐकण्याचे गुण मी पूर्ण देते.

किटमध्ये खोबरेल तेलातल्या कॅप्रिलिक आम्लाच्या कॅप्सूल, ओरेगॅनो तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, प्रोबायोटिकची पूड आणि आहाराचा तक्ता. शिवाय घरी करायची एक ‘तपासणी’: सकाळी चूळ न भरता पेलाभर पाण्यात थुंकायचं, थुंकीचे धागे खाली उतरले तर शरीरात यीस्ट वाढलंय असं समजायचं. माझे धागे उतरले. दुसऱ्या दिवशी यजमानांना, मुलाला आणि सुनेलाही थुंकायला लावलं. चौघांचेही उतरले, आणि त्या तिघांना काहीही होत नव्हतं. थुंकीत चिकटपणा असतो, तो पाण्यात खाली येणारच. कँडिडा, म्हणजे असा त्रास देणारं यीस्ट, तर धडधाकट माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही असतो. तो आहे की नाही यापेक्षा तो माजला का, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पेल्यात मिळत नाही.

आहारात साखर, गूळ, फळं, मैदा, पाव, इडली, डोसा, सगळं बंद. पोळी-भातसुद्धा जवळजवळ नाही. इडलीचं पीठ आंबतं म्हणून बंद, हे मला पटेना. पीठ आंबवण्यात माझी निम्मी हयात गेली. पावाचं यीस्ट वेगळं आणि अंगातला कँडिडा वेगळा. तरी तक्ता नेमाने पाळला. नवव्या दिवशी जुलाब लागले, उभ्या उभ्या चक्कर यायला लागली. फोन केला तर सांगितलं, जंतू मरतायत, चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा. मी ठेवलं. ही माझी मोठी चूक झाली.

तिसरा आठवडा संपताना खाज कमी होती. तीस दिवस भरले आणि पुढच्याच शुक्रवारी सगळं परत.

मग सून मला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी स्राव काचपट्टीवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, पाठवला. कँडिडा होताच. पण त्यांनी आधी माझ्या गोळ्यांची पाकिटं मागितली. जानेवारीत मधुमेहासाठी नवी गोळी सुरू झाली होती, डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत. म्हणजे चौदा चमचे साखर रोज त्याच वाटेने जाते. गोळी जानेवारीत, त्रास फेब्रुवारीत. पाऊण तासात मला अनेक प्रश्न विचारले गेले होते, हा एक सोडून. आणि ही गोळी चालू असताना पोळी-भात एकदम तोडणं धोक्याचं, रक्तात किटोन नावाची आम्लं वाढू शकतात, हे ऐकून माझे हातपाय गार पडले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.४ निघाला.

मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. बाईंनी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, तीन दिवसांच्या अंतराने तीनदा, मग आठवड्याला एक, सहा महिने. वर्षात तीन-चारदा होत असेल तर एका गोळीवर सोडून चालत नाही, असं त्या म्हणाल्या. ही गोळी इतर काही औषधांशी जमत नाही, त्यामुळे मनाने दुकानातून आणू नये.

नैसर्गिक म्हणून जे खरंच उपयोगी पडलं, ते त्या डब्यात नव्हतं. तुळशीबागेतून सुती आतले कपडे डझनभर आणले. दुपारी काम संपलं की घामाचे कपडे लगेच बदलते. पावसाळ्यात दोरीवरचे दमट कपडे तसेच घालायचे, ते सोडलं. इस्त्री फिरवूनच घालते. खालच्या भागाला साबण, अत्तराचे वॉश बंद, फक्त साधं पाणी. चहा बिनसाखरेचा, दोन पोळ्या ठरलेल्या, रात्री जेवून वेताळ टेकडीच्या पायथ्याशी फेरी. दही खाते, पण ते खाण्यासाठीच. मैत्रिणीने दही आणि लसणाची पाकळी ‘तिथे’ ठेवायला सांगितलं होतं. बाईंनी स्पष्ट नाही म्हटलं, लसणाने आतली त्वचा भाजते. कॅप्सूलमधलं तेल प्रयोगशाळेच्या बशीत बुरशी मारतं म्हणून शरीरातही मारेल, असं होत नाही, हेही त्यांनीच समजावलं.

पाचांपैकी दोन तारे देते. पैसे परत मागायला मी गेले नाही, पण मागच्या आठवड्यात पुन्हा त्या दुकानात गेले. ताईंना म्हटलं, येणाऱ्या प्रत्येक बाईला मधुमेह आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, मध्ये अँटिबायोटिक घेतलं होतं का, हे आधी विचारा, आणि तपासणी झाल्याशिवाय डबा देऊ नका. त्यांनी गोळीचं नाव वहीत लिहून घेतलं.

माझ्या अकरा आठवड्यांच्या गोळ्या अजून बाकी आहेत. ऑगस्टपासून त्रास नाही.