हिंजवडीचा पगार की कॉकपिटमधली उजवी सीट?

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. वय ३०, हिंजवडीत सीनियर डेव्हलपर, हातात महिन्याला १ लाख ८० हजार, लग्न ठरायचंय. म्हणाला, "दादा, राजीनामा टाकू का? पायलट व्हायचंय." मला विचारायचं कारण, मीही सहा वर्षं आयटीत काढून २०१८ मध्ये, २८व्या वर्षी, नोकरी सोडली होती. आज ए-३२० या एअरबस विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरचा सहवैमानिक, आहे. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहितोय. त्याच्यासारखे बरेच जण सध्या याच उंबरठ्यावर उभे आहेत.

बहुतेक जण तराजूच्या एका पारड्यात आयटीचा पगार ठेवतात आणि दुसऱ्यात कॅप्टनचा. तिथेच गणित चुकतं. राजीनाम्यानंतर दोनेक वर्षांनी तुम्ही असता सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात घेऊन विमान कंपन्यांच्या भरतीची वाट बघणारा माणूस. ही वाट किती लांबेल आणि ती तुम्हाला झेपेल का, यावर सगळं ठरतं.

पैशांचा हिशेब

भावाचाच आकडा घेऊ. भारतातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये २०० तासांचं सीपीएल साधारण ५० ते ६० लाखांत पडतं, राहणं-खाणं, ग्राउंड क्लास आणि परीक्षा धरून. मग ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवायची परवानगी, १५ लाखांच्या आगेमागे. एकूण ७५ लाख धरून चालावं. नोकरी सोडल्यापासून विमान कंपनीचा पहिला पूर्ण पगार मिळेपर्यंत, सगळं सुरळीत गेलं तर, अडीच वर्षं. तेवढ्या काळाचा बुडालेला पगार ५४ लाख. हा आकडा कुठलंही फ्लाइंग स्कूल कागदावर लिहून देत नाही, पण जातो तुमच्याच खिशातून. बेरीज १ कोटी २९ लाख.

यातले ६० लाख कर्जाचे असतील, व्याज ११ टक्के आणि मुदत १० वर्षं, तर हप्ता साधारण ८२,६०० रुपये बसतो. शिकत असताना हप्ता सुरू झाला नाही तरी व्याज चढतच राहतं. नव्या फर्स्ट ऑफिसरला हातात साधारण दीड ते अडीच लाख मिळतात, कंपनी आणि महिन्यात उडवलेले तास यांनुसार. ट्रेनिंगच्या महिन्यांत त्याहून कमी. हप्ता वजा केलात की पहिली काही वर्षं तुम्ही आजच्या आयटीतल्या पगाराच्या खालीच राहता.

चित्र पालटतं कमांड मिळाल्यावर, म्हणजे कॅप्टन झाल्यावर. त्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्सला १,५०० तास लागतात. पुढे कंपनीच्या अटी आणि अपग्रेडची रांग. फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू झाल्यावर पाच ते सात वर्षं धरा. कॅप्टनचा पगार सहा-सात लाखांपासून वर जातो. ३०व्या वर्षी निघालेला ३३ला रुजू होतो, चाळिशीच्या आत-बाहेर कॅप्टन होतो आणि ६५पर्यंत उडवू शकतो. आयटीत दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत १ लाख ८० हजारांचे साधारण ३ लाख ९० हजार होतात, तेही कर्ज डोक्यावर न घेता. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, तर निव्वळ पैशांत बरोबरी व्हायला पंचेचाळिशी उजाडते. त्यापुढची वीस वर्षं मात्र पायलटचं पारडं स्पष्ट जड राहतं. हेच ३८व्या वर्षी निघालेल्याला लावून बघा. त्याची कमांड पन्नाशीच्या तोंडावर येते, मुलांच्या कॉलेजची फी भरायच्या ऐन वेळी. त्याला पैशांसाठी हा रस्ता मी सुचवणार नाही.

लायसन्स हातात, नोकरी नाही

माझं सीपीएल फेब्रुवारी २०२० मध्ये आलं. २५ मार्चला देशातली प्रवासी उड्डाणं थांबली, ती दोन महिन्यांनी सुरू झाली आणि तीही मोजकीच. मोठमोठ्या कंपन्यांचे कॅप्टन बिनपगारी रजेवर बसले होते, तिथे २०० तासवाल्याला कोण विचारणार? मला पहिलं बोलावणं आलं जून २०२२ मध्ये. दोन वर्षं चार महिने. त्या काळात वडिलांनी पेन्शनमधून व्याज भरलं आणि माझ्या जुन्या मॅनेजरने कॉन्ट्रॅक्टवर काम दिलं. दिवसभर कोड लिहायचो आणि रात्री टेक्निकलचं पुस्तक उघडायचो, विसरायला नको म्हणून. आयटीचं कौशल्य हाताशी होतं म्हणून मी तरलो. माझ्या बॅचला बारावीनंतर थेट आलेल्या मुलांजवळ तेवढाही आधार नव्हता. नोकरी सोडून येणाऱ्याचं हे खरं बळ आहे आणि ते कमी लेखू नका.

लायसन्स नुसतं कपाटात ठेवूनही चालत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) दरवर्षी ताजं ठेवावं लागतं, मेडिकल चालू ठेवावं लागतं, सगळं स्वतःच्या खर्चाने. वर कर्जाचा हप्ता सुरू झालेला असेल तर दोन वर्षांत जवळपास २० लाख फक्त वाट बघण्यात जातात.

"कोविड एकदाच आला," असं भाऊ म्हणाला. खरंय, पण हा धंदा लाटांचाच आहे. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा मी सर्किट मारायला, म्हणजे रनवेभोवती फेरी मारून उडायला-उतरायला, शिकत होतो; त्यांचे अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि आमची रांग लांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट गेली. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डरी जाहीर केल्या आणि फ्लाइंग स्कूलचे फोन वाजू लागले. पण ही विमानं दहाएक वर्षांत टप्प्याटप्प्याने यायची आहेत. २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, १,६२२ सीपीएल दिली. डिसेंबर २०२५ मध्ये ड्युटी-विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा सगळीकडे पायलटच्या टंचाईच्या बातम्या होत्या. ती टंचाई लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी उड्डाणांवर, असलेल्या तयार वैमानिकांची असते, त्यातही कॅप्टनची. नुकतं सीपीएल घेतलेल्यांची रांग त्याच वेळी लांबलेली असू शकते. भावाला हे दोनदा समजावून सांगावं लागलं, आणि त्यात त्याची चूक नाही. बातमीत "पायलट" हा एकच शब्द असतो.

शरीरावर टांगलेली नोकरी

आयटीत पाठ धरली तर खुर्ची बदलतो आणि काम चालू राहतं. इथे क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) गेलं की लॉगइनच बंद. रक्तदाब, साखर, कान, ईसीजी, रंग ओळखणं, वजन हे सगळं दरवर्षी तपासलं जातं आणि वय वाढलं की वर्षातून दोनदा. माझा एक सहकारी मूतखड्यामुळे काही महिने टेम्पररी अनफिट होता. उडण्याचे तास शून्य, त्यामुळे पगारालाही कात्री. लॉस ऑफ लायसन्सचा विमा असतो, तो घ्यावाच. चष्मा असेल तर घाबरू नका, नजर चष्म्याने नीट होत असली तर चालतं. रंगांधळेपणा मात्र आयटीत कधी कळतही नाही आणि इथे पहिल्याच पायरीवर अडवू शकतो. म्हणून म्हणतो, राजीनाम्याआधी क्लास टू (आधीची प्राथमिक तपासणी) आणि क्लास वन, दोन्ही मेडिकल हातात हवीत. सुट्टी टाकून करता येतात.

सवयीही बदलतात. ड्युटीआधी १२ तास दारूचा थेंब चालत नाही आणि उड्डाणाआधी ब्रेथ ॲनालायझर असतो. पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं.

दिवस कसा जातो

हिंजवडीत माझा त्रास वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकचा आणि रात्री नऊच्या अमेरिकेच्या कॉलचा होता. आता पहाटे पावणेतीनला गाडी दाराशी येते. चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करून दुपारी घरी पोचतो तेव्हा पडदे ओढून झोपायचं, आणि दोन दिवसांनी ड्युटी रात्रीची. झोपेची घडी कायमची मोडते. नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगवर दोनची मर्यादा आली, हे फार गरजेचं होतं. तरी गेल्या चार गणपतींपैकी दोन मी हॉटेलच्या खोलीत काढले. लेकीचा पहिला वाढदिवस गुवाहाटीच्या लेओव्हरवर (ड्युटीतल्या मुक्कामावर) गेला. घरून काम करायची सोय इथे कधीच येणार नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. विमान पार्क केलं, कागदावर सही केली की काम संपतं. रविवारी रात्री सोमवारच्या स्टँडअप मीटिंगची धास्ती वाटत नाही, कुणाचं तिकीट (तक्रारीची नोंद) डोक्यात घोळत नाही. आणि जुलैत मुंबईला उतरताना पावसातून एकदम रनवेचे दिवे दिसतात तेव्हा जे वाटतं, ते मला सहा वर्षांच्या आयटीत एकदाही वाटलं नव्हतं. पण हे मला आवडतं, तुम्हाला आवडेलच असं नाही. बराचसा वेळ चेकलिस्ट, तीच कार्यपद्धती आणि दर सहा महिन्यांनी सिम चेक (सिम्युलेटरवरची परीक्षा) असतो. रोज काहीतरी नवीन बनवायची ओढ असलेल्या माणसाला हे काम दोन वर्षांत कंटाळवाणं वाटेल. स्वतःला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा. सीट तर ६५व्या वर्षापर्यंत तीच राहणार आहे.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, २६० माणसं गेली. त्या रात्री आईने फोनवर फक्त "जेवलास का?" एवढंच विचारलं. दोन दिवसांनी माझी ड्युटी होती आणि मी गेलो. घरच्यांना या नोकरीत काय सोसावं लागतं, हे तुलनेच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. पण त्यांच्याशी आधी मोकळेपणाने बोलायला हवं.

आयटी तरी कुठे पक्की?

हा भावाचा सगळ्यात वजनदार मुद्दा होता. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने साधारण १२,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि मध्यम फळीतल्यांची झोप उडाली. पंचेचाळिशीनंतर आयटीत काय, ही भीती खोटी नाही. फरक इतकाच, की आयटीत एक कंपनी गेली तर तुमची दहा वर्षं तुमच्याबरोबर दुसरीकडे जातात. इथे तास तुमचे राहतात, पण सीनियॉरिटी बहुतेक वेळा नव्या कंपनीत परत तळापासून सुरू होते. शिवाय सोडायचं म्हटलं तर फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस आहे. आयटीच्या ९० दिवसांवर चिडणाऱ्यांनी हे आधी ऐकून ठेवावं.

कुठून शिकायचं

यावर फार वेळ घालवत नाही. राज्यात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर असे पर्याय आहेत. खर्च आटोक्यात राहतो, पण जून ते सप्टेंबर ढग इतके खाली असतात की उड्डाणं आठवडेच्या आठवडे अडकतात, आणि अडकलेला प्रत्येक महिना तुमच्यासाठी १ लाख ८० हजारांचा असतो. म्हणून प्रवेशाआधी स्कूलला एकच विचारा: मागच्या वर्षी चालू स्थितीतली विमानं किती, विद्यार्थी किती. अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर भरतात, पण परतल्यावर लायसन्स बदलून घेण्यात वेळ जातो. विमान कंपन्यांचे कॅडेट कार्यक्रम कोटीच्या घरात जातात, त्यांत वयाचीही अट असते. नोकरीची वाट सोपी होते, पण बाजार पडला तर तिथलंही बोलावणं लांबतं. भावाच्या वयाला आणि बचतीला मी राज्यातलं चांगलं स्कूल सुचवलं.

मग सोडायची का?

भावाला माझं उत्तर होतं: सोड, पण आज नाही. क्लास वन आधी कर. नोकरीत राहूनच कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक) काढ आणि डीजीसीएचे नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), रेग्युलेशन आणि टेक्निकलचे पेपर दे. ७० टक्के लागतात, इंजिनिअरला रोज दोन तास अभ्यास केला तर जमतात, आणि नोकरी सोडल्यानंतरचे सहा-आठ महिने वाचतात. कर्ज निम्म्याच्या वर नेऊ नकोस. आई-बाबांचं घर गहाण टाकायची वेळ येत असेल तर थांब. आणि सीपीएलनंतरच्या दोन वर्षांचा घरखर्च आणि हप्ते वेगळे काढून ठेव. ही शेवटची रक्कम जमत नसेल तर वर्षभर आणखी थांबलास तरी बिघडत नाही. ३१ काय आणि ३२ काय. होणाऱ्या बायकोला हे सगळं लग्नाच्या बोलणीतच सांग, साखरपुड्यानंतर नको.

ज्याला फक्त उडायचंय, त्याच्यासाठी पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स, आहे. ४० तासांत होतं, नोकरी राहते आणि शनिवार-रविवार आकाश तुमचं. भावाला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "नाही, मला रोज उडायचंय." ते ऐकून मला बरं वाटलं.

त्याचं क्लास टू झालंय, क्लास वनची तारीख अजून यायचीये. तोवर तो रोज हिंजवडीला जातोय. काल रात्री साडेअकराला त्याने मेसेज केला, कोल्ड फ्रंट आणि वॉर्म फ्रंटमधल्या ढगांचा फरक विचारायला.