सिक्युअर बूट: बंद, चालू, की स्वतःच्या किल्ल्या?

सोलापुरात नवा लॅपटॉप घेऊन विंडोजशेजारी लिनक्स टाकायचं म्हटलं, की पहिला सल्ला ठरलेला: ‘आधी सिक्युअर बूट बंद कर.’ सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी, लॅपटॉपच्या फर्मवेअरमधली (बायोसमधली) सोय. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा हा सल्ला अगदी बरोबर होता. आता उबंटू, फेडोरा आणि २०१९ च्या बस्टरपासून डेबियनसुद्धा मायक्रोसॉफ्टने सही केलेल्या शिमवरून (लिनक्सच्या आधी सुरू होणारा छोटा प्रोग्रॅम) सिक्युअर बूटसकट सुरू होतात. त्यामुळे निवड तीन मार्गांत आहे: ते बंद करणं, चालू ठेवून आपली एमओके (मशिनच्या मालकाची सही-किल्ली) नोंदवणं, किंवा कंपनीच्या किल्ल्या काढून स्वतःच्या घालणं.

बंद करण्याचे फायदे खरे आहेत. कुठलाही पेनड्राइव्ह बूट होतो, एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि व्हर्च्युअलबॉक्स कुरकुर करत नाहीत. शिवाय हायबरनेट (चालू काम डिस्कवर ठेवून मशिन पूर्ण बंद करणं) चालतं. सिक्युअर बूट चालू असलं की उबंटू, डेबियन आणि फेडोराचे कर्नल (लिनक्सचा गाभा) लॉकडाऊनमध्ये, म्हणजे कडक निर्बंधांत, जातात आणि हायबरनेशन बंद पडतं. बॅटरी थकलेला लॅपटॉप, त्यात लाइट जाण्याची सवय असलेला भाग, अशा ठिकाणी ही उणीव जाणवते.

तरी मी या मार्गावरून बाजूला झालो ते बिटलॉकरमुळे, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीमुळे. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू असतं. त्याचं कुलूप टीपीएम या सुरक्षा चिपमधल्या पीसीआर ७ या नोंदीशी, म्हणजे सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेलं असतं. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या बूटला निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागतो. ही किल्ली असते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात. आपल्याकडे पहिलं सेटअप अनेकदा दुकानातच उरकून दिलं जातं, मग ते खातं दुकानाचं किंवा कुणा मित्राचं निघतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसात त्याच मशिनवर टॅलीचा डेटा असेल, तर हे फार महागात पडतं. शिवाय हे एकदाच होईल असंही नाही. होस्टेलवरच्या मुलाला व्हॅलोरंट खेळायचं असेल तर विंडोज ११ वर सिक्युअर बूट लागतंच. म्हणजे खेळायला चालू, लिनक्सला बंद, आणि प्रत्येक बदलाला तोच निळा पडदा.

म्हणून कुठलाही मार्ग घ्या, फर्मवेअरला हात लावण्याआधी अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये मॅनेज-बीडीईच्या प्रोटेक्टर्स-गेट आज्ञेने किल्ली काढून कागदावर उतरवा. मग प्रोटेक्टर्स-डिसेबलने बिटलॉकर तात्पुरता थांबवा. एका रीस्टार्टनंतर तो आपोआप पुन्हा लागू होतो.

मधल्या मार्गाला एकदाच दहा मिनिटं द्यावी लागतात. उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये थर्ड पार्टी ड्रायव्हरवर खूण केली की तो पासवर्ड मागतो, किमान ८ अक्षरी. रीस्टार्टला मोकमॅनेजरचा, म्हणजे एमओके नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमचा, निळा पडदा येतो. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर तो निघून जातो आणि विनंतीही पुसली जाते. बहुतेकांचं इथेच बिनसतं. बटण दाबून एनरोल एमओके, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साध्या अक्षरांचाच ठेवा. पडदा हुकला तर पुढे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) लोड होताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ दिसेल. ड्रायव्हर पुन्हा टाकून उपयोग नाही, मोकयुटिल या आज्ञेने किल्ली पुन्हा इम्पोर्ट करा. एकदा नोंद झाली की कर्नल बदलला तरी डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणारं साधन) नव्या मॉड्यूलवर स्वतःच सही करतं. एक पथ्य मात्र पाळा: विंडोज ग्रबमधून (लिनक्सच्या बूट मेनूतून) उघडू नका, फर्मवेअरच्या बूट मेनूतून उघडा. शिममधून गेलं की पीसीआर ७ चं मोजमाप बदलतं आणि बिटलॉकर पुन्हा किल्ली मागू शकतो.

तिसरा मार्ग मालकीच्या दृष्टीने सगळ्यात स्वच्छ. फर्मवेअर सेटअप मोडमध्ये (किल्ल्या बदलू देणाऱ्या स्थितीत) न्यायचं, एसबीसीटीएल या साधनाने किल्ल्या बनवायच्या, नोंदवायच्या, बूटलोडर-कर्नलवर सही करायची. आर्च लिनक्सवाल्यांना तो शोभतो. नोंदवताना मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या सोबत ठेवणारा एम पर्याय विसरलात, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा ऑप्शन रॉम (कार्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) नाकारला जाऊन पडदा काळाच राहू शकतो. घरात एकच लॅपटॉप असेल तर माझं मन इथे धजत नाही.

निवड आपली राहील की नाही हे मात्र खरेदीच्या वेळीच ठरतं. विंडोज ८ च्या अटींत इंटेल-एएमडी मशिनवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय सक्तीची होती (एआरएमवर नेमकं उलट). २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ती सक्ती गेली आणि सोय द्यायची की नाही हे लॅपटॉप बनवणाऱ्यावर आलं. म्हणून नवी पेठ असो की सात रस्ता, पैसे देण्याआधी काउंटरवरच फर्मवेअर उघडायला सांगा. बंद करण्याचा पर्याय आहे का, किल्ल्या काढून सेटअप मोडमध्ये जाता येतं का, आणि मायक्रोसॉफ्टचं थर्ड पार्टी सीए (शिमसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरची सही ओळखणारं प्रमाणपत्र) चालू करता येतं का, हे बघा. सिक्युअर्ड-कोअर मशिनवर (जादा सुरक्षेच्या अटी पाळणारे विंडोज लॅपटॉप) हे सीए मुळात बंद असतं आणि तेवढ्यानेच लिनक्सचा पेनड्राइव्ह नाकारला जातो. एसरमध्ये सुपरवायझर पासवर्ड घालेपर्यंत सिक्युअर बूटची ओळ करडी दिसते. पर्यायच नाही असं समजून परत फिरू नका.

जुना, रिफर्बिश्ड लॅपटॉप घेत असाल तर आणखी एक. शिमवर सही करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६ पर्यंतचीच. फर्मवेअर सहसा तारीख बघत नाही, त्यामुळे आधीचं लिनक्स चालत राहतं. पण २०२३ च्या प्रमाणपत्राने सही झालेलं नवं शिम जुन्या मशिनला ओळखीचं नसतं. त्या मॉडेलसाठी २०२३ चं प्रमाणपत्र आणणारा बायोस अपडेट निघाला आहे का, हे घेण्याआधी बघा.