सवयींवरची तीन पुस्तकं: तुमच्या अडचणीला कोणतं लागू पडेल?

सवयींवर पुस्तक घ्यायचं म्हटलं की तीन नावं हमखास समोर येतात: चार्ल्स डुहिग यांचं 'द पॉवर ऑफ हॅबिट' (२०१२), जेम्स क्लिअर यांचं 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' (२०१८) आणि त्यानंतर आलेलं बी. जे. फॉग यांचं 'टायनी हॅबिट्स'. वरवर चाळली तर तिन्ही एकच सांगतात असं वाटतं, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो. तुम्हाला जुनी सवय मोडायची आहे, नवी सुरूच होत नाही, की सुरू होते पण टिकत नाही? हे आधी ठरवा, म्हणजे निवड सोपी होईल.

जुनी सवय मोडायची असेल तर डुहिग घ्या. त्यांची मांडणी संकेत (सवय जागी करणारी गोष्ट), कृती आणि बक्षीस अशी आहे. संकेत आणि बक्षीस तेच ठेवायचं, मधली कृती बदलायची. पुस्तकाचा मोठा भाग कंपन्या आणि सामाजिक चळवळींवर आहे. तो वाचनीय आहे, पण उपाय शोधणाऱ्याचा धीर तिथे सुटतो. म्हणून पहिला भाग वाचून सरळ शेवटच्या परिशिष्टावर जा. तिथे त्यांनी रोज दुपारी कुकी खाण्याची स्वतःचीच सवय उलगडून दाखवली आहे. तल्लफ येईल तेव्हा पाच गोष्टी टिपायच्या: ठिकाण, वेळ, मनःस्थिती, आजूबाजूला कोण आहे आणि लगेच आधी काय केलं. शिवाय एक दिवस फेरफटका, एक दिवस कॉफी, एक दिवस गप्पा असे वेगवेगळे पर्याय करून बघायचे. प्रत्येक वेळी मनात आलेल्या पहिल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि १५ मिनिटांचा गजर लावायचा. गजर झाल्यावरही तल्लफ कायम असेल, तर खरं बक्षीस ते नव्हतं. डुहिग यांना खरं तर गप्पा हव्या होत्या, कुकी नव्हे. बहुतेकांचं इथेच चुकतं: बक्षीस न ओळखता कुकीच्या जागी फळ ठेवतात आणि चार दिवसांत पुन्हा कुकीकडे वळतात.

नवी सवय सुरूच होत नसेल तर फॉग. इच्छा, क्षमता आणि संकेत एकाच क्षणी जुळले तरच कृती घडते, हे त्यांचं सूत्र. इच्छा दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून कृतीच इतकी लहान करायची की कंटाळ्याच्या दिवशीही ती जमावी. त्यांचं गाजलेलं उदाहरण म्हणजे फक्त एका दाताला फ्लॉस करणं, म्हणजे दाताची फट दोऱ्याने साफ करणं. ही कृती रोजच्या एखाद्या कामाला जोडायची, आणि तीही नेमकी. 'दात घासल्यावर' हे ढोबळ झालं, 'ब्रश जागेवर ठेवल्यावर' हे नेमकं. त्यानंतर लगेच, त्याच क्षणी, स्वतःला शाबासकी द्यायची. वाचक हा भाग बालिश समजून गाळतात, आणि मग पद्धत चालत नाही म्हणतात. फॉग यांच्या मते सवय पक्की होते ती भावनेमुळे, नुसत्या पुनरावृत्तीमुळे नाही.

क्लिअर यांचा भर मात्र पुनरावृत्तीवर आहे, आणि दोन्ही पुस्तकांतला खरा मतभेद हाच. सुरू झालेली सवय टिकवण्यासाठी त्यांचं पुस्तक सर्वांत हाताशी येणारं आहे. सवय ठळक, आकर्षक, सोपी आणि समाधानकारक करा. मोडायची असेल तर याच्या उलट करा. सगळ्यांत उपयोगी भाग परिसराचा. रात्री वाचायचं असेल तर पुस्तक उशीवर ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत. 'एकदा चुकलं तर चालेल, सलग दोनदा नको' हा त्यांचा नियमही पक्क्या पायावर उभा आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ९६ जणांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. त्याच अभ्यासात सवय लागण्याचा मधला आकडा ६६ दिवस होता आणि अंदाजित पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. त्यामुळे २१ दिवसांचं वचन देणारं पुस्तक खुशाल बाजूला ठेवा. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणावरून पसरला, आणि तेही रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान किती दिवस लागतात याबद्दल होतं.

क्लिअर यांचं रोज एक टक्का सुधारून वर्षात ३७ पट होण्याचं गणित चक्रवाढीचं उदाहरण म्हणूनच घ्या. माणसाची प्रगती अशी सरळ वाढत नाही आणि आकडा मनात धरला तर दुसऱ्या महिन्यात निराशा येते.

एकच घ्यायचं असेल तर क्लिअर. पण ते वाचूनही काहीच सुरू झालं नसेल, तर पुन्हा तेच वाचू नका, फॉग घ्या. व्यसन, नैराश्य किंवा खाण्याचा विकार असेल तर तिन्ही अपुरी आहेत, आधी डॉक्टर गाठा. डुहिग ऑडिओवर छान ऐकता येतं. फॉग मात्र छापील प्रतच घ्या: त्यातले सराव लिहून करायचे आहेत आणि शेवटी तयार छोट्या सवयींच्या लांबलचक याद्या आहेत, त्या कानाने पकडता येत नाहीत.