जेक्यू १.७: चूक नेमकी दाखवतं, सांधत मात्र नाही

सिस्टमची माहिती जेसनमध्ये (माहिती कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांत मांडायची ठरावीक मजकूर-पद्धत) देणाऱ्या बऱ्याच कमांड-लाइन साधनांत जेसन रचलेलं नसतं, ओळीला ओळ जोडून छापलेलं असतं. शेवटच्या नोंदीनंतर लोंबणारा स्वल्पविराम, निसटलेला कंस, हे त्यातूनच येतं. ते पकडायला जेक्यू हे जेसन वाचणारं कमांड-लाइन साधन उत्तम. फुकट आहे, सी भाषेतलं आहे, जुन्या मशीनवरही भराभर चालतं.

आवृत्ती पाहून घ्या. उबुंटू २२.०४ वर १.६ बसते, २४.०४ वर १.७.१. जुन्या आवृत्तीत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे पूर्णांक गुपचूप बदलू शकतात, १.७ पासून हात न लावलेला आकडा जसाच्या तसा राहतो.

एररमध्ये दिलेली ओळ ही जेक्यू अडकलं ती जागा. खरी चूक बहुधा त्याच्या जरा वर असते. एकामागून एक नुसते ऑब्जेक्ट (महिरपी कंसातल्या नोंदी) आले तर जेक्यू कुरकुरत नाही, ‘-एस’ लावा की त्यांचा ॲरे (चौकटी कंसातली यादी) होतो. मधे स्वल्पविराम आहेत पण बाहेरचा चौकटी कंस नाही, अशा वेळी साधनाच्या आधी आणि नंतर एको कमांडने कंस छापून मग सगळं जेक्यूकडे पाइप करा. लोंबता स्वल्पविराम सेडने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) खरवडू नका, मजकुरातलाही उडेल.

सर्वांत चकवणारं दुखणं लोकेलचं, म्हणजे भाषा-देशानुसार आकडे-अक्षरं कशी छापायची ते ठरवणाऱ्या सेटिंगचं. लिस्बनच्या ग्राहकासाठी पणजीतल्या मशीनवर पोर्तुगीज लोकेल लावलं, की १२.५ चं १२,५ होतं. भारतीय लोकेलमध्ये गट पाडून छापलं तर १,२३,४५६. आकडा म्हणून दोन्ही अवैध. त्यावर एलसी_ऑल=सी (साधं, देशविरहित लोकेल) हा सर्रास सांगितला जाणारा उपाय अर्धाच आहे: आकडे सुधारतात, पण पेनड्राइव्हचं नाव ‘म्हापसा’ असेल तर काही साधनं त्याचे बाइट उलटतिरकी रेघ आणि एक्स लावून छापतात. जेसनला ते चालत नाही, तिथे यू आणि चार हेक्स अंकच लागतात. म्हणून एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ लावा, दोन्ही प्रश्न मिटतात.

एक खोट मात्र खटकते. रिकाम्या फाइलवर जेक्यू ‘.’ (जसंच्या तसं छाप) काही न छापता एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, देतं. पावसाळ्यात वीज गेली, आउटपुट शून्य बाइटचं राहिलं, तरी तपासणी पास! पायथनचं जेसन-टूल तिथे लगेच ओरडतं. जेक्यूच हवं तर ‘-ई’ लावा, मग काहीच न छापल्यास शून्य येत नाही. शिवाय आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, तपासा, मगच मूव्ह करा.

साधन स्वतःचंच असेल तर ओळी छापणं सोडून जेसन जेक्यूकडूनच रचून घ्या: ‘-एन’सोबत (इनपुट न वाचता) मजकुराला ‘--आर्ग’ वापरा, आकड्यांना ‘--आर्गजेसन’. अवतरणचिन्हं, टॅब, नवी ओळ यांचं एस्केपिंग जेक्यू करतं. दुसऱ्याच्या साधनाची चूक असेल, तर वरची सगळी मलमपट्टी नवी आवृत्ती येईपर्यंतचीच.