जाहिरातवाल्या प्लॅनचे आठ महिने आणि रिमोटचं वजाचं बटण

गेल्या मंगळवारी रिमोटचं आवाज कमी करायचं बटण गेलं. बाकीची सगळी ठणठणीत आहेत, अधिकचं तर अजून नव्यासारखं चकाकतंय. टीव्ही घेऊन वर्षही झालेलं नाही. सर्व्हिसवाल्याने रिमोट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "घरात लहान मुलं खेळतात का याच्याशी?" म्हटलं, नाही हो, जाहिराती लागतात.

म्हणून हा रिव्ह्यू. टीव्ही आणि त्यावर घेतलेला स्ट्रीमिंगचा जाहिरातवाला प्लॅन, दोघांचा मिळून, कारण आठ महिन्यांनंतर मला ते वेगळे काढता येत नाहीत. पॅनेल कोणतं, पडदा किती इंची, हे सगळ्यांनी लिहून झालंय. चित्र उत्तम आहे. बास.

प्लॅन घेतला तो निव्वळ चिक्कूपणाने. बिनजाहिरातीच्या प्लॅनच्या निम्म्याहून कमी पैशांत त्याच मालिका, तेच सिनेमे. जन्मभर टीव्हीवर जाहिराती बघितल्याच की, आणखी चार बघितल्या तर काय बिघडलं, असा हिशेब. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये असा प्लॅन आणला तेव्हा मी हसलो होतो. २००७ पासून त्यांचं स्ट्रीमिंग चालू होतं आणि 'आमच्याकडे जाहिराती नाहीत' हीच त्यांची सगळ्यात मोठी जाहिरात होती. प्राइम व्हिडिओने तर जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत चालू गिऱ्हाइकांच्याच प्लॅनमध्ये जाहिराती घातल्या आणि नको असतील तर वर पैसे भरा म्हणून सांगितलं. त्यापेक्षा आपण आधीच स्वस्तातला घेतलेला काय वाईट?

पहिला महिना खरंच सुखाचा गेला. जाहिरात किती सेकंद उरली ते कोपऱ्यात दिसतं, ब्रेक केबलपेक्षा आखूड, पाणी पिऊन येईपर्यंत संपलेला. तेव्हा मी पाच तारे दिले होते आणि खाली "लोक उगाच ओरडतात" असंही लिहिलं होतं. ते वाक्य आज मागे घेतो.

आईची झोप सावध. तिची खोली टीव्हीच्या भिंतीपलीकडे. त्यामुळे रात्री आवाज चौदावर. एका रात्री रहस्यपट चालू होता. नायिका कपाटात लपलेली, बाहेर पावलं, आणि ती फोनवर इतक्या हळू बोलतेय की मी आवाज बावीसवर नेला. दार करकरलं, पडदा काळा झाला आणि धाडकन गादीची जाहिरात. एक माणूस अक्षरशः ओरडून सांगत होता की त्यांच्या गादीवर शांत झोप लागते. मी वजाचं बटण दाबत सुटलो. बावीसवरून सहापर्यंत सोळा वेळा. तोवर पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि मग, "अरे, झोपा आता."

त्या दिवसापासून हे डोक्यातून जाईना. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकलं. ते काही प्रयोगशाळेचं यंत्र नव्हे, पण फरक कळायला पुरेसं. कुजबुज आणि गादी यांच्यात आकडा असा उडी मारायचा की ॲपची सुई हिरव्यातून थेट पिवळ्यात. मग कारण शोधलं. जाहिरातीचा सर्वांत मोठा आवाज सिनेमातल्या स्फोटापेक्षा मोठा नसतोच. सिनेमात स्फोट एकदा होतो आणि बाकी वेळ माणसं बोलतात, श्वास घेतात, गप्प बसतात. जाहिरातीत मात्र सगळा आवाज दाबून, पिळून वरच्या पातळीला चिकटवलेला असतो. तीस सेकंद नुसता स्फोट.

बरं, हे मोजता येत नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्येच कानाला जाणवणारा आवाज मोजायची पद्धत ठरवून दिली. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये त्यावरून उणे २३ हा सरासरी पातळीचा आकडा पक्का केला (डेसिबलच्या हिशेबात; शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा). अमेरिकेत उणे २४ चालतो, आणि तिथे तर डिसेंबर २०१० मध्ये कायदाच झाला, दोन वर्षांनी लागूही झाला: जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजवायची नाही. फक्त तो टीव्ही वाहिन्या, केबल आणि उपग्रह प्रसारणासाठी. इंटरनेटवरून येणारं स्ट्रीमिंग त्यात नव्हतंच. नेटफ्लिक्स निर्मात्यांकडून संवादांची पातळी उणे २७ च्या आसपास मागते. आता टीव्हीसाठी उणे २४ वर बांधलेली जाहिरात एखाद्या सेवेने तशा सिनेमात न जुळवता घातली, तर तीन डेसिबलचा फरक फुकटात. त्यात आपल्या कपाटातल्या बाईची कुजबुज धरलेलीच नाही.

कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२५ मध्ये स्ट्रीमिंगलाही हाच नियम लावणाऱ्या कायद्यावर सही झाली. अंमलाची तारीख १ जुलै २०२६. आणला कशामुळे, तर तिथल्या सिनेटरच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचं तान्हं बाळ अशाच जाहिरातीने उठायचं. हे वाचून मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझ्या त्या कंपनीला सांग ना माझ्याबद्दल."

सांगितलं. तीनदा. पहिल्या चॅटवर उत्तर आलं की इंटरनेटचा वेग तपासा. दुसऱ्या वेळी ॲप काढून पुन्हा टाका. तिसऱ्या वेळी एक खरं बोलणारा भेटला.

"सर, जाहिराती आमच्याकडे बनत नाहीत, तयार येतात."

"पण वाजवता तुम्हीच ना?"

यावर दोन मिनिटं नुसती तीन टिंबं नाचत राहिली. मग 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' आणि तारे द्यायची चौकट.

घरच्या राउटरवर जाहिराती अडवायची सोय करून पाहिली. टीव्हीच्या होम स्क्रीनवरच्या पट्ट्या गेल्या, पण सिनेमातल्या जशाच्या तशा. कारण त्या सिनेमाच्याच प्रवाहात सर्व्हरवर शिवून येतात. घरात पोचेपर्यंत कपडा एकच झालेला असतो, उसवणार काय? ब्रेक चालू असताना चिडून बाहेर पडलात तर परत आल्यावर तोच ब्रेक पहिल्यापासून. हे मी रागाने चार वेळा केलं आणि चारही वेळा हरलो.

तिसऱ्या महिन्यात टीव्हीच्या सेटिंगमध्ये, ध्वनीच्या तिसऱ्या पानावर, 'नाइट मोड' सापडला. मोठा आवाज खाली, लहान आवाज वर. लावला आणि गादीवाला एकदम माणसासारखं बोलायला लागला. मी धावत जाऊन रिव्ह्यूत अर्धा तारा वाढवला. तीन आठवडे हेच नंदनवन. मग एक युद्धपट लावला आणि तोफा दाराच्या कडीसारख्या वाजल्या. वादळ म्हणजे जुना पंखा. म्हणजे जाहिरात माणसात आणायची तर सिनेमाचाही जीव काढायचा. तरी वापरत राहिलो, कारण आई झोपायची. मग एक अपडेट आलं. नाइट मोड आपोआप बंद झाला आणि होम स्क्रीनवर पडदाभर रुंदीची नवी जाहिरात बसली. हे कळलं रात्री साडेअकराला, गादीवाल्याकडूनच.

गादीवाल्याबद्दल थोडं अजून. एका आठवड्यात वहीत रेघा मारल्या: तेवीस. एकाच ब्रेकमध्ये लागोपाठ दोनदा, हेही झालं. ब्रेकमधली जागा प्रेक्षकागणिक, क्षणार्धात, लिलावात विकली जाते. लिलावाला येणारे दलाल अनेक, 'याला किती वेळा दाखवली' हे जो तो आपापल्या वहीत मोजतो, आणि एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. मला मात्र तेवीसच्या तेवीस दिसतात. गंमत म्हणजे गादी मी दोन वर्षांपूर्वीच बदलली.

मला हे सगळं माझ्या आवडीनुसार असतं असं सांगतात, म्हणून ती परवानगी कुठे दिली ते शोधलं. टीव्ही पहिल्यांदा चालू करताना 'सहमत' दाबलं होतं, त्यात. पडद्यावर काय चाललंय हे टीव्ही स्वतःच चित्राच्या तुकड्यांवरून ओळखतो आणि कळवतो. मग ते ॲपवरचं असो की केबलवरचं. व्हिझिओ या अमेरिकी टीव्ही कंपनीने हेच १ कोटी १० लाख टीव्हींवर, लोकांना धड न सांगता, सेकंदा-सेकंदाच्या हिशेबाने केलं होतं. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. पुढे तीच कंपनी वॉलमार्टने डिसेंबर २०२४ मध्ये २३० कोटी डॉलरला घेतली, आणि घेताना सगळं बोलणं जाहिरातींच्या धंद्याबद्दल. माझा टीव्ही एवढ्या स्वस्तात कसा मिळाला, याचं कोडं मला तेव्हा उलगडलं. मी स्वतःला घासाघीस करण्यात पटाईत समजत होतो.

माझ्या टीव्हीतली ती परवानगी बंद केली. जाहिराती एकीनेही कमी झाल्या नाहीत. गादीवाला मात्र गेला, आणि त्याच्या जागी कुत्र्याचं खाणं आलं. आमच्याकडे कुत्रा नाही. पण त्या जाहिरातीत सुरुवातीला भुंकतो तो, तेवढाच आवाज.

आता प्रश्न बिनजाहिरातीच्या प्लॅनवर जायचं का, हा. मी कागदावर मांडलं. नव्या रिमोटची किंमत म्हणजे दोन प्लॅनमधल्या जवळपास पाच महिन्यांच्या फरकाएवढी निघाली. मुलगी म्हणाली, "बाबा, रिमोट घेण्यापेक्षा प्लॅनच बदला की." बरोबर आहे तिचं. पण वरचे पैसे द्यायचे आणि ते फक्त त्यांनी गप्प बसण्याचे, हे हातून होत नाही. आणि त्या प्लॅनमध्येही उद्या जाहिराती घालणार नाहीत याची हमी कोण देतं?

तर तारे अडीच. दोन चित्राला, अर्धा नाइट मोडला, जो दर अपडेटनंतर तपासायला लागतो. आणि रविवारी रिमोट उघडला. वजाच्या बटणाखालचा काळा ठिपका पार झिजलेला, अधिकचा कोरा. झिजलेल्या जागी चॉकलेटच्या वेष्टनातल्या चंदेरी कागदाचा तुकडा डिंकाने चिकटवला, स्क्रू लावले. काल रात्री कुत्रा भुंकला तेव्हा पहिल्या दाबात आवाज खाली आला.