डिस्क त्याची खराब, दुरुस्ती माझ्या मशीनची

डिस्क विकत घेताना ती उलटी करून बघायची असते, हे मला वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. कारखान्यात ठशातून काढलेल्या डिस्कची खालची बाजू स्वच्छ चंदेरी असते. दुकानात बसून कोऱ्या डिस्कवर उतरवलेली असेल तर तिच्यात रंगाचा थर असतो, आणि डीव्हीडीवर तो बहुधा जांभळट दिसतो. माझी, विंडोज १० ची, जांभळी होती. वरून मात्र झकास छापील चकती चिकटवलेली, प्लास्टिकची डबी, डबीवर पंचवीस अक्षरी किल्लीचं, म्हणजे लायसन्सच्या क्रमांकाचं, स्टिकर. मी वरची बाजू बघितली आणि २,८०० रुपये मोजले.

नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज. डिसेंबर २०१९ पर्यंत दोन्ही मशीनं विंडोज ७ वर सुखानं चालत होती. १४ जानेवारी २०२० नंतर विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, हे तेव्हा जाहीर झालेलं होतं आणि ते खरंही होतं. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, ज्या दुकानातून मी शाईची काडतुसं भरून घ्यायचो, तिथल्या मालकानं त्या खऱ्या गोष्टीला आपलं शेपूट जोडलं.

"काका, चौदा तारखेनंतर मशीन चालूच नाही होणार. कोर्टाचं काम करून राहिले ना तुम्ही? मग बसा हात चोळत."

हे शेपूट खोटं होतं. अपडेट थांबले म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही, तो चालत राहतो, फक्त दिवसेंदिवस धोक्याचा होत जातो. पण मी घाबरलो. विंडोज १० ची 'ओरिजनल' डीव्हीडी बाजारभावाच्या निम्म्याहून कमी दरात मिळते आहे म्हटल्यावर खूशही झालो. एकाच वेळी घाबरलेला आणि खूश झालेला माणूस दुकानदाराला फार आवडत असावा.

रात्री दुकान बंद करून डिस्क घातली. कामाच्या फायली आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या होत्या, तेवढी अक्कल होती. हार्डडिस्कचे दोन भाग होते. विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसून टाकला, फायली असलेल्या डी ला हात लावला नाही. पडद्यावर फायली तयार होत असल्याचे टक्के चढायला लागले. वीस, चाळीस, साठ. ६३ वर गाडी थांबली. डिस्क आत घरघर करत राहिली, मग खटखट आवाज, आणि इंग्रजीत निरोप: आवश्यक फायली बसवता येत नाहीत, फाइल खराब असेल किंवा सापडत नसेल. खाली एक लांबलचक आकडा, शेवट ८००७०५७०. पुन्हा केलं. ६३. बनियनच्या टोकानं डिस्क पुसून पुन्हा केलं. ६३.

खरं फसणं त्या रात्री झालं, पैसे जायला नंतर सुरुवात झाली. जुनं विंडोज मी स्वतःच पुसलेलं आणि नवं येत नव्हतं. म्हणजे सकाळी गिऱ्हाईक आलं तर दाखवायला एक काळा पडदा. परत फिरायची वाट राहिली नाही की माणूस समोरचा म्हणेल त्याला मान डोलावतो.

दुसऱ्या दिवशी सीपीयू स्कूटीच्या पायाशी ठेवून बर्डीला निघालो. ते हिवाळी अधिवेशनाचे दिवस. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधून बाहेर पडणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच कळेल. विधानभवनाकडे येणारे मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवलेले, जागोजागी कठडे, पोलीस वळवतील तिकडे वळायचं. दहा मिनिटांच्या रस्त्याला तास लागला. हे सांगण्याचं कारण असं की तो प्रवास मी त्या आठवड्यात चार वेळा केला, आणि प्रत्येक वेळी पोचेपर्यंत इतका थकलेला असे की वाद घालायचं त्राण उरत नसे.

दुकानदारानं माझी डिस्क घेतली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. जांभळट पडदा आला, 'इन्स्टॉल नाऊ'चं बटण आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच मशीन बंद केलं.

"पाहून घ्या जी. डिस्क एकदम ओके. ड्राइव्ह गेला तुमचा, लेन्स बसली."

मला पटलं. माझ्या जागी कोणालाही पटलं असतं. तो पहिला पडदा यायला डिस्कचा थोडासाच भाग वाचावा लागतो, खरं ओझं त्यानंतर येणाऱ्या एका भल्यामोठ्या फायलीत असतं, हे मला कुठे ठाऊक? तोंडावरचा पेढा चाखून खालचा अख्खा डबा ताजा असल्याचं सांगण्यासारखं ते होतं.

नवा डीव्हीडी ड्राइव्ह, ९५० रुपये. घरी आणून लावला. ६३ टक्के.

पुन्हा बर्डी. आता रॅम गेली म्हणे. १,२०० रुपये. ६३ टक्के. या ठिकाणी मी थोडा वेळ थांबून विचार केला असता तरी पुढचं टळलं असतं, म्हणून तुम्हाला सांगतो. रॅम खराब असेल तर इन्स्टॉलेशन एकदा विसावर पडेल, एकदा सत्तरावर, एकदा मध्येच मशीन आपोआप पुन्हा सुरू होईल. तिचा काही नेम नसतो. दर वेळी अगदी त्याच आकड्यावर अडत असेल, तर अडचण एका ठरावीक फायलीच्या ठरावीक तुकड्यात असते, आणि तो तुकडा डिस्कवर असतो. माझा आकडा तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मला तेच ओरडून सांगत होता. मी मात्र नशिबाला बोल लावत बसलो.

तिसऱ्या खेपेला हार्डडिस्क, तिचे काही तुकडे वाचताच येत नाहीत म्हणे. "बॅड सेक्टर हायेत काका, काहून रोज रोज चकरा मारून राहिले? नवीन टाकून देतो, विंडोजही इथंच टाकून देतो. जुनी जमा करा, तीनशे कमी करतो." तीनशे वजा जाऊन हार्डडिस्कचे २,५००, बसवण्याचे ५००. मशीन दोन दिवस त्याच्याकडे राहिलं. चौथ्या खेपेला, १९ डिसेंबरला, आणलं आणि ते चाललं. चाललं! मी त्याचे आभार मानले, वर त्याच्यासाठी चहा सांगितला. एकूण ७,९५० रुपये.

बिल मागितलं तेव्हा म्हणाला, "पक्कं पायजे तर अठरा टक्के अजून लागन." मी कच्च्यावर राजी झालो. एका चिठ्ठीवर 'इस्टिमेट' छापलेलं, खाली आकडे, ना सही ना शिक्का. वर जीएसटी क्रमांक होता, पण त्यात अक्षरं-आकडे मिळून चौदाच. खरा क्रमांक पंधरा खुणांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तो तपासता येतो. हे सगळं मी नंतर शिकलो, नेहमीप्रमाणे.

बिंग फुटलं ते भाच्यामुळे. तो इंजिनीअरिंगला आहे, रविवारी जेवायला आला होता. मी कौतुकानं सगळी कथा सांगितली. त्यानं जेवण होईपर्यंत ऐकून घेतलं, हात धुतले आणि विचारलं, "मामा, त्या ड्राइव्हमध्ये दुसरी एखादी डिस्क टाकून पाहिली होती का तुम्ही?"

नव्हती पाहिली.

बदललेला जुना ड्राइव्ह मी सुदैवानं घरी ठेवला होता. भाच्यानं तो लावला. कपाटातून मेहुणीच्या लग्नाची डीव्हीडी काढली, जिला कोणी दहा वर्षं हात लावला नव्हता. अंतरपाट धरल्यापासून ते पंगतीपर्यंत सगळं लग्न विनाअडथळा चाललं. घरातल्या बायका बघतच बसल्या, आमचा प्रयोग बाजूला राहिला. मग त्यानं माझी विंडोजची डिस्क स्वतःच्या लॅपटॉपच्या बाहेरून जोडायच्या ड्राइव्हमध्ये घातली आणि तिच्यातल्या फायली कॉपी करायला लावल्या. लहान लहान फायली भराभर गेल्या. 'सोर्सेस' नावाच्या फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल डॉट विम' नावाची सगळ्यात मोठी फाइल असते, तिथे अर्ध्याच्या पुढे जाऊन अडकलं. तीच घरघर, तीच खटखट. इंग्रजी निरोपात 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असे शब्द. म्हणजे वाचलेल्या माहितीची बेरीज लिहिलेल्या बेरजेशी जुळत नाही, असं त्यानं मला समजावलं.

एवढीच परीक्षा. दुसरी डिस्क माझ्या ड्राइव्हात, माझी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हात. एक छदाम खर्च नाही, वीस मिनिटांचं काम. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, आणि स्वस्त कोऱ्या डिस्कवर घाईघाईत, जास्तीत जास्त वेगानं माहिती उतरवली की बाहेरच्या कडेकडे चुका जास्त होतात. उतरवल्यानंतर पडताळून बघायची सोय असते, पण तीस डिस्का काढायच्या असतील तर तेवढा वेळ कोण देतो? दुकानदारानं मुद्दाम खराब डिस्क दिली, असा माझा आरोप नाही. ती खराब निघाल्यावर त्यानं तिचा धंदा केला, हा आरोप आहे.

पण भाचा एवढ्यावर थांबला नाही. त्यानं मशीनवर काळी खिडकी उघडून 'एसएलएमजीआर' आणि पुढे 'स्लॅश एक्सपीआर' अशी आज्ञा टाइप केली. लायसन्स कायमचं असेल तर ते कायमचं असल्याचा निरोप येतो. मला आला तो असा की व्हॉल्यूम अॅक्टिव्हेशन जून २०२० मध्ये संपेल. मोठ्या कंपन्यांसाठी, त्यांच्या सर्व्हरकडून १८० दिवसांचं मिळतं तसं लायसन्स कुठल्याशा चोरट्या प्रोग्रॅमनं माझ्या मशीनवर उभं केलेलं. अँटिव्हायरसही बंद करून ठेवला होता, कारण तो असले प्रोग्रॅम पकडतो. डबीवरची किल्ली नुसती शोभेची. आणि गंमत म्हणजे विंडोज १० चं इन्स्टॉलेशन मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर फुकट उतरवून घेता येतं. पैसे लागतात ते लायसन्सचे. म्हणजे जिचे काही पैसे पडत नाहीत ती वस्तू मी विकत घेतली आणि जिचे पडतात ती मला मिळालीच नाही.

शेवटी त्यानं नव्या हार्डडिस्कची तब्येत बघितली. हार्डडिस्क स्वतःच्या पोटात हिशेब ठेवते, ती किती तास चालली याचा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये तो आकडा दिसतो. माझी तीन दिवसांची 'नवीन' हार्डडिस्क १९,४०० तासांवर चालून झाली होती. सव्वादोन वर्षं, रात्रंदिवस. बहुधा कुठल्याशा सीसीटीव्हीच्या डब्यातून निघालेली.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. भाच्यानं त्या आकड्याचा फोटो मोबाइलवर दाखवला. दुकानदार आधी म्हणाला कंपनीतूनच तशी येते, मग म्हणाला पोरानं चुकीची लावली असेल, मग गल्ल्यातून २,५०० काढून काउंटरवर ठेवले. "जाऊ द्या ना जी काका, धंद्यात होऊन जाते." बाकीच्या पैशांबद्दल विचारलं तर त्याला नेमका फोन आला. ड्राइव्ह आणि रॅमचे पैसे मी रोख दिले होते, डिस्कचे तेवढे मोबाइलवरून. हातात पुरावा म्हणून ती चिठ्ठी.

मी ग्राहक आयोगात गेलो नाही. जायला हवं होतं. आता १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील मित्रानं तेव्हा सांगितलं होतं की मोबाइलवरून भरलेल्या पैशांची नोंद आणि डिस्क, दोन्ही जपून ठेव. डिस्क अजून आहे. नोंद फोन बदलताना गेली.

त्या सोमवारी आणखी एक गोष्ट मागितली होती. तीनशे रुपयांना जमा केलेली माझी जुनी हार्डडिस्क. ती भंगारात गेली म्हणाला. कधी, कोणाला, ते सांगता आलं नाही. तिला बॅड सेक्टर नव्हतेच, तेव्हा भंगारात गेली यावर माझा विश्वास नाही. माझ्याकडे जशी आली होती तशीच ती दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनमध्ये 'नवीन' म्हणून बसली असेल. मी पुसला होता तो सी ड्राइव्ह. डी तसाच होता. सहा वर्षांची प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती, घटस्फोटाच्या दोन अर्जांचे मसुदे. पेनड्राइव्हवर प्रत काढली म्हणजे आपलं सगळं सुरक्षित, असं मी समजत होतो. मूळ आपण कोणाच्या हातात देतोय, हा विचार शिवलाच नाही.

ज्यांची सगळ्यात जास्त कागदं तिच्यात होती त्या वकीलसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, फाइल बंद केली.

"पासवर्ड होता का तिला?"

"नव्हता, साहेब."

त्यांनी चष्मा परत लावला. त्यानंतर त्यांचं टायपिंग माझ्याकडे आलं नाही.